सहल दोघांची, भाडे सहा जणांचे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती अजून यायचे आहेत, पण शरदातल्या सहलींच्या जाहिराती वर्तमानपत्रांत झळकू लागल्या आहेत. बहुतेकींत चित्र तेच: दरी, धुके, कठड्याला टेकलेले जोडपे आणि खाली 'दोघांसाठी तीन रात्री' असा ठळक आकडा. त्या आकड्यात काय धरलेले नसते, आणि नागपूरच्या जोडप्याला थोडक्या पैशांत, पण संध्याकाळीही जीव रमेल अशा ठिकाणी जायचे असेल तर हिशेब कुठून सुरू करावा, हे मांडण्यासाठी हे पत्र.

हिशेब गाडीपासून सुरू करावा. खोली दोघांचीच असते, जेवण जेवढे खावे तेवढे. गाडी मात्र अख्खी घ्यावी लागते. पचमढीचेच पाहा. १,०६७ मीटर उंचीवरचे हे सातपुड्यातले गाव नागपूरकरांचे लाडके, आणि ते लाडके असण्यात काही चूक नाही. पण धूपगड (१,३५२ मीटर, सातपुड्याचे सर्वोच्च शिखर), बी फॉल ही ठिकाणे पायी उरकण्याजोगी नाहीत. वनखात्याच्या हद्दीतल्या ठिकाणांसाठी परवाना काढून जिप्सी करावी लागते. समजा तिचे दिवसाचे भाडे तीन हजार आहे. सहा जणांत ते माणशी पाचशे पडते, दोघांत दीड हजार. दोन दिवसांत फक्त फिरण्यावर सहा हजार जातात, आणि ही रक्कम 'पॅकेज'च्या आकड्यात अनेकदा नसतेच. 'स्थळदर्शन स्वखर्चाने' असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. जायचेच ठरले तर सकाळी परवान्याच्या खिडकीपाशी लवकर पोचावे आणि रांगेतल्या दुसऱ्या जोडप्याला सरळ विचारावे. तेही हाच हिशेब करत उभे असतात. निम्मे भाडे तिथेच वाचते.

ताडोब्याचेही तसेच. गाभा क्षेत्र १ ऑक्टोबरला उघडते (मंगळवारी बंद), आणि पहिल्याच आठवड्यात झुंबड उडते. पण पावसानंतर गवत माणसाच्या कमरेच्या वर असते आणि जंगलभर पाणी असते. वाघाला ठरावीक पाणवठ्यावर यायची गरजच नसते. उन्हाळ्यात दिसतो तसा तो तेव्हा दिसत नाही, जिप्सीचे पैसे मात्र तितकेच, शनिवार-रविवारी तर जास्तच. जंगल हिरवेगार पाहायचे असेल तर जरूर जावे. वाघासाठी जायचे असेल तर सहा महिने थांबावे.

दुसरी गोष्ट घड्याळाची. ऑक्टोबरच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो. थंड हवेच्या गावात त्यानंतर करायला फारसे काही उरत नाही. चिखलदऱ्यात रात्री आठला रस्ता निजलेला असतो. खोलीत बसून टीव्हीच पाहायचा तर तो घरीही आहे. ज्यांना शांतताच हवी त्यांनी चिखलदऱ्यालाच जावे, आणि एसटीने जावे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, म्हणजे जोडप्याचा प्रवास दीड तिकिटात होतो. (सवलत राज्याच्या हद्दीतच. सीमेपलीकडे जाणाऱ्या गाडीत हद्दीपुढचे भाडे पूर्ण पडते, यावरून वाहकाशी वाद घालू नये.) परतवाड्याहून घाट चढायचा असतो, तेव्हा वर जाणारी शेवटची गाडी कोणती हे अमरावतीलाच विचारून घ्यावे. ती चुकली की पुन्हा अख्खी गाडी करणे आले.

संध्याकाळ जागी असलेली आणि पायी किंवा शेअर रिक्षाने फिरता येणारी जागा हवी, हे एकदा ठरले की मग तारीख पाहावी. इथे बहुतेकांचे गणित उलटे असते: आधी गाव ठरते, मग सुट्टी, आणि शेवटी जे तिकीट मिळेल ते. यंदा, २०२६ साली, अधिक ज्येष्ठ आल्याने सगळे सण उशिरा आहेत. घटस्थापना ११ ऑक्टोबर, दसरा २०, कोजागरी २५, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा २४ नोव्हेंबर. विदर्भातून मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो, म्हणजे यंदा नवरात्र बरेचसे कोरडे मिळण्याची शक्यता चांगली.

यात तीन तारखा टाळाव्यात. दसऱ्याच्या आगेमागे दोन-दोन दिवस नागपूर स्टेशनवरून निघूच नये. दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी येतात, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या गाड्या भरलेल्या असतात. ती गर्दी वर्षातून एकदाच आणि श्रद्धेने येते. सहलीला निघालेल्यांनी आपली तारीख हलवावी, हेच बरे. दुसरे, नवरात्रातले शेवटचे चार दिवस: बंगाली पर्यटक पूजेच्या सुट्टीत मध्य प्रदेशभर पसरलेले असतात. तिसरे, पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंतचा आठवडा. गुजरातेतली दुकाने तेव्हा बंद असतात आणि उज्जैन, ओंकारेश्वर, मांडू, पचमढी इथल्या खोल्या त्या कुटुंबांनी भरून जातात. आपल्या शाळांची सुट्टीही तीच. हा आठवडा टाळला तरी खोलीचे भाडे बरेच उतरते.

उरतो कोजागरी ते वसुबारस हा दहाएक दिवसांचा पट्टा, २५ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर. दसरा झालेला, दिवाळी यायची, लोक घरी रंग देण्यात आणि फराळाच्या यादीत गुंतलेले. ज्यांना मुलांच्या शाळेचे बंधन नाही अशा जोडप्यांसाठी याहून स्वस्त आणि सुखाचे दिवस वर्षात दुसरे नाहीत.

या पट्ट्यातले पहिले नाव जबलपूर, आणि तेही कोजागरीला धरूनच. भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि पौर्णिमेचे चांदणे यांची जोडी सर्वश्रुत आहे. शरद पौर्णिमेच्या सुमारास तिथे नर्मदा महोत्सवही भरतो, गाणे-वाजवणे असते. पण जाण्याआधी एक चौकशी अत्यावश्यक. पावसाळ्यात नौकाविहार बंद असतो आणि नर्मदेचे पाणी उतरल्यावरच सुरू होतो. भेडाघाटच्या वर बरगी धरण आहे. परतीच्या पावसात त्याचे दरवाजे उघडले की ऑक्टोबरातही नावा पुन्हा बांधून ठेवतात. तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला दोनच प्रश्न विचारावेत: बरगीचे दरवाजे उघडे आहेत का, आणि पंचवटी घाटावरून नाव सुटते का. धुआंधारचेही असेच उलटे गणित आहे. पाणी फार वाढले की धबधबा बुडून सपाट होतो. पाणी उतरू लागले की 'धुआं' दिसू लागतो. नाव पूर्ण न घेता माणशी भाड्याच्या नावेत बसावे. नावाड्याची यमके जुळवत केलेली कॉमेंटरी दहा जणांच्या नावेत अधिक रंगते, दोघांसाठी तो इतका खुलत नाही.

जबलपूरला अमरावतीहून येणारी रात्रीची गाडी नागपूरवरून जाते आणि सकाळी पोचवते, म्हणजे एका रात्रीची खोली वाचते. स्वतःच्या गाडीने सिवनी-लखनादौन मार्गे सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. पेंचच्या जंगलात रस्ता खांबांवर उचललेला आहे, प्राणी खालून जातात. तिथे गाडी थांबवू नये. सिवनीच्या आसपास या दिवसांत रस्त्याकडेला सीताफळांचे ढीग असतात. परतताना घ्यावीत, जाताना नव्हे, कारण पिकलेले सीताफळ गाडीच्या उन्हात दुपारपर्यंतही टिकत नाही. संध्याकाळी ग्वारीघाटावर नर्मदेची आरती, रात्री गावात खव्याची जिलेबी. शहर ते भेडाघाट वीसेक किलोमीटर. बस आणि शेअर गाड्या मिळतात, पण रात्रीच्या नौकाविहारानंतर परतीची सोय आधी बोलून ठेवावी. त्या वेळी घाटावर उभा असलेला रिक्षावाला मागेल ते भाडे द्यावे लागते.

तरी एकच नाव सांगायचे झाले तर इंदूर. जबलपूरची शोभा चांदण्यावर आणि पाण्यावर अवलंबून आहे. इंदूरला सणाची गरजच नाही, ते रोज रात्री जागे असते. सराफ्यातली सोन्या-चांदीची दुकाने आठ-साडेआठला शटर ओढतात आणि त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. खरी बहार दहानंतर. इथे नवख्यांची चूक ठरलेली: पहिल्याच दोन गाड्यांवर पोट भरते. दोघांत एकच प्लेट, हा नियम धरावा, म्हणजे भुट्ट्याचा कीस, खोबरा पॅटीस, दहीवडा, मावाबाटी आणि शेवटी शिकंजी इतके तरी होते. (इंदुरी शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत नव्हे, आटवलेल्या दुधाचे घट्ट पेय आहे. मागवून मग चकित होणारे बरेच.) तळलेले गराडू (एक कंद) हा थंडीचा पदार्थ, ऑक्टोबरअखेरीस काही गाड्यांवर दिसू लागतो. बसायला जागा नसते, गर्दीत मोबाइलचे नेटवर्क अडते, म्हणून दहा-वीस-पन्नासच्या नोटा खिशात असाव्यात. सकाळी छप्पन दुकानला पोहे-जिलेबी. आपल्या तर्रीची सवय झालेल्या जिभेला वाफेवरचे, शेव पेरलेले ते पोहे मिळमिळीत वाटतील. ते गोड जिलेबीबरोबर खायचे असतात, वेगळे नव्हे.

राजवाडा, सराफा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या हे सगळे चालण्याच्या टप्प्यात आहे. त्यामुळे खोली राजवाड्याच्या किंवा स्टेशनच्या बाजूला घ्यावी. बायपासवरचे नवे, चकचकीत हॉटेल तीनशेने स्वस्त दिसते आणि रोजच्या रिक्षात सहाशे घेते. मात्र खोली मागच्या बाजूची मागावी, रस्त्याकडची रात्री दोनपर्यंत झोपू देत नाही. मराठी माणसाला इंदुरात परकेही वाटत नाही, होळकरांच्या काळापासूनची मराठी वस्ती आहे.

नागपूर-इंदूर वंदे भारत दुपारी निघून मध्यरात्रीच्या सुमारास पोचते आणि सध्याच्या वेळापत्रकात रविवारी धावत नाही. मध्यरात्री पोचण्यात एक धोका आहे. ऑनलाइन घेतलेली खोली 'पाहुणे आले नाहीत' म्हणून दुसऱ्याला दिली जाते. त्या दिवशी संध्याकाळी फोन करून उशिरा येत असल्याचे सांगावे आणि ज्याने फोन घेतला त्याचे नाव टिपून ठेवावे. ज्यांना पैसे वाचवायचे आहेत त्यांच्यासाठी रात्रीच्या स्लीपर बस आहेत. डबल स्लीपर घ्यायचा तर खालचा आणि मधला, मागच्या चाकावरचा नको.

इंदूरहून एक रात्र मांडूला द्यावी. गंगवाल बसस्टँडवरून धारची बस, धारहून मांडूची. पाऊस नुकताच सरलेला असल्याने जहाज महालाच्या दोन्ही बाजूंचे तलाव भरलेले असतात, आणि तो महाल जहाजासारखा दिसतो तो याच महिन्यांत. मार्चमध्ये तलाव सुकले की फक्त लांबट इमारत उरते. गावात सायकली भाड्याने मिळतात. जिप्सीचा प्रश्नच मिटतो. ब्रेक आणि सीटची उंची पाहून घ्यावी, रूपमती मंडपाकडचा रस्ता चढाचा आहे आणि उतरताना ब्रेकचीच परीक्षा होते. परतीची शेवटची बस लवकर जाते, म्हणून एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये.

मांडूऐवजी महेश्वरही चालेल. धामनोदमार्गे बस आहे. १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे राज्य केलेल्या अहिल्याबाईंची ही राजधानी; घाट फुकट, नाव स्वस्त, आणि संध्याकाळ मोठी प्रसन्न. साडी घ्यायची असल्यास काठ उलटून पाहावा: खऱ्या महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो. हँडलूमचा शिक्का नसेल आणि भाव फारच उतरलेला असेल तर तो यंत्रमागाचा माल.

दसऱ्याची गर्दी झेपणाऱ्यांनी मात्र बस्तरकडे वळावे. जगदलपूरचा दसरा पंचाहत्तर दिवसांचा असतो आणि त्यात रावण नाहीच. तो दंतेश्वरी देवीचा उत्सव. नवरात्रात चार चाकांचा फुलरथ फिरतो. विजयादशमीला 'भीतर रैनी'च्या रात्री आठ चाकांचा मोठा रथ पळवून कुमडाकोटला नेतात आणि दुसऱ्या दिवशी 'बाहर रैनी'ला तो परत आणतात. फक्त एकच दिवस असेल तर दुसऱ्या दिवसाचा घ्यावा, कारण हजारो हातांनी ओढलेला रथ उजेडात पाहायला मिळतो. रायपूरपर्यंत रेल्वे, तिथून बसने सुमारे तीनशे किलोमीटर. केशकाळ घाटात ट्रक अडकले की दोन तास धरावेत. वाटेत कोंडागावला ढोकरा (ओतीव धातूकाम) कारागिरांची घरे आहेत, तिथे भाव दुकानापेक्षा सरळ. जगदलपूरहून चाळीसेक किलोमीटरवर चित्रकोटचा धबधबा आहे, आणि ऑक्टोबरात त्याला भरपूर पाणी असते. दसऱ्याच्या दोन दिवसांसाठी जगदलपूरची खोली महिनाभर आधीच ठरवावी, आणि नागपुरातून निघण्याची तारीख १७ ऑक्टोबरच्या आतली ठेवावी.

हैदराबादबद्दल थोडक्यात. पहाटेच्या वंदे भारतने दुपारी सिकंदराबाद, मेट्रोमुळे फिरणे स्वस्त, चारमिनारची संध्याकाळ चैतन्याची. सालारजंग आणि चौमहल्ला दोन्ही शुक्रवारी बंद, हे न पाहता गेलेले दर आठवड्याला फाटकावर उभे दिसतात. तेलंगणातला फुलांचा सण बतुकम्मा पाहायचा असल्यास सर्वपित्री अमावास्येपासूनचे नऊ दिवस. पण या बाजूला ऑक्टोबर म्हणजे पाऊस संपला असे नव्हे. २०२० च्या ऑक्टोबरात हैदराबादच्या वस्त्या पाण्यात गेल्या होत्या. विशाखापट्टणम आणि ओडिशाच्या किनाऱ्याबाबत तर अधिकच जपावे. फायलिन १२ ऑक्टोबर २०१३ ला आणि हुदहुद १२ ऑक्टोबर २०१४ ला धडकले, हा योगायोग नव्हे. बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा हाच हंगाम. समुद्र पाहायचा तर डिसेंबरात.

आता तिकिटे. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी आठला उघडते (१ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवस होती, जुन्या हिशेबाने थांबणारे अजूनही आहेत). सोमवारी २६ ऑक्टोबरला निघायचे तर २७ ऑगस्ट, शनिवारी ३१ ऑक्टोबरला परतायचे तर १ सप्टेंबर. जाण्याचे काढले आणि परतीचे विसरले, ही सर्रास होणारी चूक. खाते आधारशी जोडलेले नसेल तर पहिल्याच दिवशी अडते, ते काम आधीच करावे. ऑनलाइन तिकीट प्रतीक्षायादीत राहिले तर चार्ट लागताच आपोआप रद्द होते, त्यावर गाडीत चढता येत नाही. आरएसी मात्र जोडप्याने नाकारू नये. एकाच पीएनआरवरच्या दोघांना बहुधा एकच साइड लोअर बर्थ मिळतो, रात्र अर्धी बसून जाते, पण जाते. तिकिटावर स्टेशन नागपूर, अजनी की इतवारी, हे घरून निघण्याआधी वाचावे.

पहाटे पोचणाऱ्या गाडीने जाणाऱ्यांनी चेक-आऊटची वेळ विचारावी. दुपारी बाराची पद्धत असेल तर सकाळी सहाला पोचून सहा तास बॅगा सांभाळत बसावे लागते. चोवीस तासांची पद्धत असलेले लॉज स्टेशनच्या आसपास अजून आहेत. नसले तर पीएनआरवर मिळणारी रिटायरिंग रूम काही तासांपुरती घ्यावी. दोघांचीही मूळ ओळखपत्रे लागतात. नव्या नवरीच्या आधारवर माहेरचे नाव असणे अगदी सामान्य आहे, तरी काही लॉजवाले त्यावरून अडवतात. आरक्षणापूर्वी फोनवर विचारून घेतले की रात्री अकराला काउंटरवर वाद होत नाही. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे. बिलात अजून १२ टक्के दिसले तर शांतपणे दाखवून द्यावे.

इंदूरच्या पाच रात्रींचा अंदाज असा धरता येतो: खोली दिवसाला सोळाशे, म्हणजे आठ हजार, त्यावर कर चारशे, दोघांचे खाणे दिवसाला नऊशे धरून पाच दिवसांचे साडेचार हजार, बस, रिक्षा, सायकल, प्रवेशशुल्क मिळून तीन हजार, अडीअडचणीला अकराशे. रेल्वेभाडे सोडून सतरा हजार. यात साडी नाही. तिचा निर्णय महेश्वरच्या घाटावर होतो आणि तो या पत्राच्या कक्षेबाहेरचा आहे.

आपला,
एक वाचक, नागपूर